भासऱ्यानं काढलेली फिलिम

माझ्या फिल्ममध्ये एकही चूक नव्हती. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं वाचताना कुणाला तसं वाटणार नाही. कॅमेऱ्याच्या डब्यात एक इंग्रजी पुस्तिका होती. छोटी फिल्म काढताना हौशी माणसं कोणत्या चौदा चुका करतात, याची. मी ती डिक्शनरी घेऊन दोन महिने वाचली. कॅमेरा हलवू नये. सूर्याकडे तोंड करून काढू नये. माणसाची मुंडी उडवू नये. रीळ उन्हात उघडू नये. कुणालाही लेन्समध्ये पाहू देऊ नये. वाईट निघालेला तुकडा दयामाया न दाखवता कापून टाकावा. असं करत करत चौदा. शाळेत पोरांना पाढे येत नसत आणि त्यांचा मास्तर मात्र चौदा चुका तोंडपाठ म्हणून दाखवायचा.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा पाच-सात वर्षं झाली होती. मी नांदुऱ्याला एका हायस्कुलात चित्रकला शिकवायचो आणि रोज सायकलनं गावाकडून जायचो-यायचो. घरी भाजीपाल्याची शेती होती. वांगी, मेथी, मिरची, थोडा कांदा. ती सगळी धाकटा भाऊ बघायचा. मी वांग्यांची चित्रं काढायचो. नांदुऱ्यातल्या एका कापूस व्यापाऱ्यानं घरच्या लग्नासाठी मुंबईहून आठ मिलिमीटरचा कॅमेरा आणि प्रोजेक्टर आणला होता. लग्न झालं, हौस फिटली आणि ते खोकं कपाटावर जाऊन बसलं. मी मागितलं, त्यानं दिलं. ते कॅरिअरला बांधून आणताना एका हातानं हँडल आणि मागं वळून दुसऱ्या हातानं खोकं धरलं होतं, त्यामुळे गावात शिरता शिरता पडलो. कॅमेरा वाचला, गुडघा फुटला. आईनं कॅमेऱ्याला शिव्या दिल्या.

फिल्मचा विषय मी ठरवून टाकला: भाजीवाल्या घरातला एक दिवस. पहाटे मेथी खुडण्यापासून ते नांदुऱ्याच्या बाजारापर्यंत. सात-आठ मिनिटांची, मुकी. माझ्या डोक्यात नुसती कला घुमत होती. घरातल्या बायकांच्या डोक्यात मात्र वेगळंच काही होतं, आणि ते अर्थातच मला सगळ्यात शेवटी कळलं.

धाकट्या भावाची बायको, म्हणजे माझी भावसून, धामणगाव बढ्याची. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि मूलबाळ नव्हतं. आमच्याकडे रीत अशी की लेकीला मूल होईपर्यंत मायबापानं तिच्या सासरी पाणीसुद्धा प्यायचं नाही. तिचा बाप आधीच गेलेला. आई सहा वर्षांत एकदाही आमच्या दारात आली नव्हती. लेक आखाजीला, दिवाळीला माहेरी जायची तेव्हा मायलेकींची भेट व्हायची. पण माहेरी आलेली लेक 'मी बरी हाये' याशिवाय काय सांगणार? त्यातच बाजारात कुणीतरी त्या बाईच्या कानात घातलं की तुझ्या लेकीले सासरी लय तरास हाये, दुसरी बायको करायच्या गोष्टी चालू हायेत. ते खोटं होतं. निदान मला तरी तसं वाटत होतं. त्या बाईनं मात्र हाय खाल्ली. जेवण तुटलं, झोप गेली, असं भाऊ सांगायचा.

एका संध्याकाळी माझी बायको मला वाढता वाढता म्हणाली, "अवो, ते म्हणते का फिलिम झाली की माह्या मायले नेऊन दाखवा. मी इथं कशी राह्यतो ते तिले डोयानं पाहू द्या."

'ते' म्हणजे भावसून. ती तिथंच, दहा पावलांवर, चुलीपाशी भाकरी थापत होती. पण मी पडलो तिचा भासरा, नवऱ्याचा थोरला भाऊ. भासऱ्याशी बोलायचं नाही, भासऱ्याला तोंड दाखवायचं नाही, तो आला की पदर हनुवटीपर्यंत. भासऱ्यानंही मान खाली घालून निघून जायचं. सहा वर्षं एका छपराखाली राहून मला तिच्या टाचा ओळखू यायच्या, चेहरा कुठं बाहेर दिसला असता तर ओळखला नसता. मी ताटातून मान वर न करता मोठ्या तोऱ्यात म्हणालो, "सांग तिले, नक्की दाखवतो. फिलिम पाहून माय निर्धास्त होईन." चुलीपाशी बांगड्या थांबल्या आणि पुन्हा वाजायला लागल्या.

मग सुरू झालं शूटिंग. दिग्दर्शकानं कलावंताशी मोकळेपणानं बोलावं, असं पुस्तिकेत होतं. माझी कलावंत तीन हातांवर उभी असायची आणि मी बायकोला सांगायचो, "तिले म्हण, जराशी डावीकडं सरक." बायको म्हणायची, "सरक वं डावीकडं." भावसून बायकोच्या कानात काहीतरी पुटपुटायची. बायको मला म्हणायची, "ते म्हणते, कोनाच्या डावीकडं?" एवढ्यात सूर्य ढगाआड. एकदा तर मी अर्धा तास मेथीची जुडी कशी बांधायची ते समजावलं. बायकोनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ते म्हणते, मी सहा वर्षांपासून तेच करून राह्यली." मला राग आला. मला तेव्हा फार पटकन राग यायचा आणि तो कलेमुळं येतो, अशी माझी समजूत होती.

एका गोष्टीवर मात्र मी जाम खूश होतो. भाऊ कॅमेरा दिसला की फोटो स्टुडिओत बसल्यासारखा ताठ व्हायचा, श्वाससुद्धा सोडायचा नाही. आई लेन्समध्ये बघून मला हाका मारायची. भावसून मात्र एकदाही लेन्समध्ये बघायची नाही. मी कॅमेरा डोळ्याला लावला की ती आपसूक वळायची, खाली वाकायची, कामात बुडून जायची. मी बायकोला म्हणालो, "ही बाई जन्माची नटी हाये. पुस्तकात लिहिलं तसंच करते." बायकोनं माझ्याकडं पाहिलं. त्या पाहण्याचा अर्थ मला तेव्हा विचारावासा वाटला नाही. कॅमेऱ्याच्या भिंगातून माणूस सरकीच्या दाण्याएवढा दिसायचा. तेवढ्या दाण्यात पदर कुठं संपतो आणि तोंड कुठं सुरू होतं, कोण बघतंय? चौकट नीट आहे ना, पाय उडाले नाहीत ना, एवढंच मी बघायचो.

शेवटच्या दिवशी माझ्या मनात आलं, फिल्ममध्ये आपणही असावं. मी भावाचं धोतर नेसलो. कॅमेऱ्याला किल्ली दिली, तो विहिरीच्या कठड्यावर ठेवला, आपोआप चालत राहील असा खटका अडकवला आणि पलीकडच्या बांधाकडं धावत सुटलो. तिथून बैलजोडी घेऊन कॅमेऱ्याकडं रुबाबात चालत यायचं, असा बेत. धोतरात पाय अडकला. किल्ली अर्ध्या मिनिटात संपते, हे मला पाठ होतं. त्या अर्ध्या मिनिटात मी बांधापर्यंतही पोचलो नाही.

रिळं टपालानं मुंबईला गेली आणि महिन्याभरानं धुऊन परत आली. विहिरींच्या मोटरींसाठी गावात नुकतीच वीज आली होती. मी खोलीचं दार लावलं आणि फक्त बायकोला घेऊन भिंतीवर फिल्म पाहिली. अर्धं काम कुणाला दाखवू नये, असं पुस्तिकेत होतं. काय सांगू, मी हरखून गेलो. काहीही हललं नव्हतं, काहीही उडालं नव्हतं. मेथीच्या पानावरचं दवसुद्धा दिसत होतं.

मग विहिरीवरचा तुकडा आला. लांबवर मी, धोतर सावरत पळणारा. आणि पुढं, अगदी कॅमेऱ्यासमोर, भावसून. कॅमेऱ्यामागं कुणी नाही म्हणजे तो बंद आहे, असं तिला वाटलं असणार. तिनं पदर मागं टाकला होता. हातात तांब्या होता. तो तिनं डोळ्याला लावला, एक डोळा मिटला, तोंड वाकडं केलं, कमरेत वाकली आणि दुसऱ्या हातानं हवेत 'सरक, सरक' करत मागं मागं जायला लागली, आणि बादलीवर आदळली. हुबेहूब मी. मग ती खाली बसून हसायला लागली. अंग हलवून, मांडीवर हात मारून, आणि शेजारी माझी बायको पोट धरून. तेवढ्यात किल्ली संपली होती.

बायको अंधारात खुदखुदत होती. माझ्या कानशिलांची आग आग झाली. मी म्हणालो, "हे वाईट निघालं. हे कापाचं."

"कापता काऊन? सगळ्या फिलिमीत तिचं तोंड एवढंच हाये."

"अन् माझं तोंड? ते नाही का त्यात?"

"तुमचं कुठं? तुमची तं पाठ हाये," बायको म्हणाली.

मी कात्री घेतली. दयामाया दाखवू नये असं पुस्तकातच लिहिलेलं होतं, त्यामुळे माझं मन साफ होतं. तुकडा कापला, दोन टोकं डिंकानं जोडली आणि तो तुकडा नेऊन चुलीत टाकला. तो आक्रसला, काळा झाला आणि घरभर घाण वास सुटला. आईनं पुन्हा कॅमेऱ्याला शिव्या दिल्या.

पुढच्या सुट्टीत मी खोकं घेऊन बसनं धामणगाव बढ्याला गेलो. तिथं वीज पिठाच्या चक्कीत होती. दिवेलागणीला चक्कीवाल्यानं दळण थांबवलं, अंगणात पांढरं धोतर ताणून बांधलं आणि चक्कीतून वायर काढून दिली. गाव जमलं. भावसुनेची आई सगळ्यात पुढं पोत्यावर बसली. बारीक, वाळलेली बाई. तिनं दोन्ही हात मांडीवर ठेवले होते आणि ती प्रोजेक्टरकडं न बघता आधीच धोतराकडं बघत बसली होती.

फिल्म मुकी, म्हणून बोलण्याचं काम मी माझ्याकडं घेतलं. "ही पहाट. ही आमची मेथी. ही तुमची लेक, मेथी खुडताना." धोतरावर पाठ. "आता ती जुड्या बांधून राह्यली." हनुवटीपर्यंत पदर आणि दोन हात. "आता चुलीपुढं." पदर. "आता विहिरीवर." ती वळली आणि चौकटीतून निघूनच गेली. पहिली दोन मिनिटं लोक बोलत होते, वांगी पाहून कौतुक करत होते, भावाचा ताठपणा पाहून हसले. मग हळूहळू प्रोजेक्टरची घरघर तेवढी राहिली. आणि तेव्हा, एवढ्या मोठ्या धोतरावर, मला पहिल्यांदा दिसलं की मी काय काढून आणलंय. एक बाई सबंध सात मिनिटं तोंड लपवते आहे आणि कुणापासून तरी पळते आहे.

मागून एक म्हातारी म्हणाली, "तोंड काऊन लपवून राह्यली वं पोरगी?"

फिल्म संपली. भावसुनेची आई म्हणाली, "मास्तर, आखीन एक डाव दाखवता?"

मी रीळ उलटं गुंडाळलं आणि पुन्हा लावलं. या वेळी मी बोललो नाही. चुलीचा प्रसंग आला तेव्हा ती बाई उठली. धोतरापाशी गेली. तिची सावली धोतरावर पडली, ती बाजूला सरकली आणि खाली वाकली. पदराखालून लेकीचं तोंड दिसतं का, ते बघायला ती धोतराच्या अगदी जवळ वाकली होती. आयुष्यात इतकी लाज मला त्याआधी वाटली नव्हती आणि नंतरही क्वचितच वाटली.

फिल्म संपल्यावर मी तिच्याजवळ गेलो आणि म्हणालो, "मावशी, मी भासरा ना. मी कॅमेरा धरला की ती पदर घेते. म्हणून तसं दिसते."

"ते कळते मले," ती म्हणाली. "पदर भासऱ्यापुढं घ्याच लागते. पन त्याच्याआड काय हाये, तेच तं पाहाचं होतं." मग म्हणाली, "दुसऱ्या कोनाजवळ नाई द्येला का तो डबा? तुमच्या घरवालीजवळ?"

चौदा चुकांत ही नव्हती. कॅमेरा बायकोच्या हातात द्यावा, हे मला सगळ्या शूटिंगभर एकदाही सुचलं नव्हतं. सुचलं असतं तरी दिला नसता, हेही खरं. आणि जो एक तुकडा कुणाच्याही हातात नसताना निघाला होता, तो मी चुलीत घातला होता. हे मात्र मी त्या बाईला तेव्हा सांगितलं नाही.

सकाळच्या पहिल्या बसला मी निघालो, तर ती आधीच बसमध्ये बसलेली. मांडीवर फिरकीच्या झाकणाचा तांब्या, स्वतःच्या घरच्या पाण्याचा. नांदुऱ्याला तीही माझ्यासोबत उतरली. तिथून आमच्या गावाला बैलगाडीतून. उन्हं डोक्यावर आली होती. आमच्या घरी पोचलो तेव्हा माझी आई लगबगीनं "या इनबाई, या" म्हणत पुढं आली. पाहुणी ओट्यावरच बसली. गूळ-पाणी नको म्हणाली. भावसून आतून धावत आली, आईच्या पाया पडली, आणि तिचं लक्ष माझ्याकडं गेलं. पदर हनुवटीपर्यंत खाली.

तिची आई लेकीकडं बघत बसली. लेक पदरातून म्हणाली, "बरी हाये ना माय मी."

तेव्हा माझ्या बायकोच्यानं राहावलं नाही. "मावशी, एक तुकडा होता चांगला तोंडाचा. यायनं कापला," ती म्हणाली.

"काय होतं त्याच्यात?" भावसुनेच्या आईनं मला विचारलं.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी सांगायला लागलो. ती माझी नक्कल करत होती, असं म्हणालो. कशी, असं तिनं विचारलं. शब्दांत ते काही येईना. मग मी, हायस्कुलाचा चित्रकला शिक्षक, घरातला थोरला, भावसुनेच्या आईचा तांब्या मागून घेतला. डोळ्याला लावला, एक डोळा मिटला, तोंड वाकडं केलं, कमरेत वाकलो आणि 'सरक, सरक' करत ओट्यावरून मागं मागं गेलो. बादली नव्हती, म्हणून जात्यावर आदळलो. माझी आई डोळे फाडून बघत राहिली. पदराआड काहीतरी हललं. खांदे हलले, एक बारीक 'खुस' झालं आणि दाबलं गेलं.

मला वाटलं, झालं काम. जीव भांड्यात पडला.

पण भावसुनेची आई मान हलवत होती. "नाई. हे दाबलेलं हाये," ती म्हणाली. "माही लेक अशी नाई हासत." आणि मग माझ्याकडं वळून, अगदी साध्या आवाजात, "मास्तर, तुमी जरासे बाहेर जाता?"

मी तांब्या खाली ठेवला आणि बाहेर गेलो. अंगणाच्या मातीच्या भिंतीपलीकडं, सावलीत, उकिरड्याशेजारी बसलो. मग बायकोचा आवाज आला, बहुतेक माझ्या धोतराची फजिती सांगत होती. मग भावसुनेचा आवाज. तो एवढा मोकळा मी पहिल्यांदाच ऐकत होतो, त्यामुळे कुणाचा ते आधी कळलंच नाही. ती मी कसा बोलतो ते म्हणून दाखवत होती. आणि मग ती हसली. मोकळी, घसा फाडून, खोकला लागेपर्यंत. तिच्या मागोमाग तिची आई हसली. त्या वाळलेल्या बाईच्या अंगात एवढं हसू असेल असं वाटलं नव्हतं. मग बायको, मग माझी आईसुद्धा.

माझ्या आईचा आवाज आला, "रोजच असं असते इनबाई. दिवसभर हासवते आमाले. हा शाळेतून आला, दारात खाकरला, की मंग सारं चूप."

मी भिंतीला टेकून बसलो. सहा वर्षं मी रोज संध्याकाळी दारात खाकरून घरात शिरलो होतो, आणि आमचं घर शांत आहे, शिस्तीचं आहे, असं चारचौघांत सांगत आलो होतो.

जेवायची वेळ टळून गेली. पोटात कावळे ओरडत होते, ऊन भिंतीवरून माझ्या अंगावर आलं, आत अजून हसणं चाललं होतं. मला घरात जायचं होतं. पण मी खाकरलो नाही.